मुक्तस्रोत आशय-व्यवस्थापन प्रणाली आणि योगक्षेमाचा प्रश्न

प्रस्तुत लेखाचे निमित्त अंदाजपत्रकातील एका ओळीचे आहे. अध्यासनाचे संशोधनखंड, येथे झालेली व्याख्याने आणि उत्तर भारतातील मराठी कुटुंबांकडून मिळालेला काही जुना पत्रव्यवहार संकेतस्थळावर ठेवावा असा विचार पुढे आला, तेव्हा खर्चाचा कच्चा तक्ता करण्याचे काम माझ्याकडे सोपवण्यात आले. उभारणीच्या रकमेखाली मी ‘वार्षिक देखभाल’ अशी एक ओळ घातली आणि तिच्यासमोर उभारणीच्या साधारण एक तृतीयांश इतका आकडा लिहिला. बैठकीत नेमक्या त्याच ओळीवर बोट ठेवून एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, “सॉफ्टवेअर तो मुफ़्त है, फिर हर साल किस बात का पैसा?” प्रश्न रास्त होता. लखनौच्या महानगर भागातील माझ्या निवासापर्यंत परतताना मी त्याचे उत्तर मनाशी जुळवीत होतो. ते एका वाक्यात बसत नाही असे लक्षात आल्यावर हा लेख लिहावयास घेतला.

मी साहित्याचा अभ्यासक आहे, संगणकशास्त्राचा नव्हे. तेव्हा आज्ञावलीच्या अंतरंगात शिरण्याचा माझा अधिकार नाही आणि तसा प्रयत्नही येथे केलेला नाही. मात्र गेली वीस-पंचवीस वर्षे मराठी लेखनाचा एक मोठा प्रवाह ज्या साधनांवरून वाहत आला, ती साधने कोण घडवतो, कोण राखतो आणि त्यांचा खर्च कोठून येतो, हा प्रश्न वाङ्मयव्यवहाराच्या अभ्यासकाला परका मानता येणार नाही. मुद्रणाचा इतिहास लिहिताना आपण गणपत कृष्णाजींच्या छापखान्याची दखल घेतोच.

आशय-व्यवस्थापन प्रणाली म्हणजे काय, हे ग्रंथव्यवहाराच्या परिभाषेत सांगणे सोपे जाईल. छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी असे, पानाची मांडणी करणारा असे. ग्रंथालयात पुस्तकाला क्रमांक देऊन ते पुन्हा सापडेल असे ठेवणारा ग्रंथपाल असे. आणि कोणाला कोठवर आत सोडायचे हे ठरवणारा दारावरचा माणूस असे. या चौघांचे काम एकवटून करणारी आज्ञावली म्हणजे आशय-व्यवस्थापन प्रणाली. लेखकाने चौकटीत मजकूर लिहायचा; तो विदागारात साठवणे, ठरलेल्या रूपात पानावर उतरवणे, शोधल्यावर पुढे आणणे आणि संपादकाचे अधिकार संपादकाला, वाचकाचे वाचकाला देणे, ही जबाबदारी प्रणालीची. १९९० च्या दशकात प्रत्येक पान खुणांच्या भाषेत हाताने रचावे लागे, त्यामुळे लेखकाला तंत्रज्ञाच्या सवडीची वाट पाहावी लागे. या प्रणालींनी ती वाट पाहणे संपवले. द्रुपल, वर्डप्रेस आणि जूमला ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध नावे. अलीकडच्या पाहण्यांनुसार जगातील दर दहा संकेतस्थळांपैकी चारांहून अधिक एकट्या वर्डप्रेसवर चालतात.

या तिन्ही प्रणाली मुक्तस्रोत आहेत. त्यांची मूळ आज्ञावली कोणीही वाचावी, वापरावी, बदलावी आणि बदललेली इतरांना द्यावी, अशी मुभा ‘जीएनयू सार्वजनिक परवाना’ नावाच्या दस्तऐवजाने दिलेली आहे. बदललेली आज्ञावली वाटताना तीच मुभा पुढच्यालाही द्यावी लागते, ही त्यातील मख्खी. इंग्रजीत या चळवळीला आरंभी जो शब्द वापरला गेला त्याचे ‘स्वतंत्र’ आणि ‘विनामूल्य’ असे दोन्ही अर्थ होत असल्याने बराच घोटाळा झाला, आणि १९९८ मध्ये काही मंडळींनी ‘मुक्तस्रोत’ या अर्थाचा नवा शब्द रूढ केला. आपल्याकडे हा घोटाळा होण्याचे खरे तर कारण नव्हते. हिंदीत ‘मुक्त’ आणि ‘मुफ़्त’ यांच्यात एका वर्णाचे अंतर आहे, पण अंतर आहे. मराठीत तर ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ हे शब्द एकमेकांच्या आसपासही फिरकत नाहीत. तरीही व्यवहारात आपण मुक्ताचे फुकट करून टाकले, ते भाषेमुळे नव्हे.

मराठीचा या प्रणालींशी आलेला संबंध दूरचा नाही. ‘मायबोली’ हे संकेतस्थळ १९९६ साली सुरू झाले. २००४ मध्ये ‘मनोगत’, २००७ मध्ये ‘उपक्रम’ आणि ‘मिसळपाव’, आणि पुढे ‘ऐसी अक्षरे’ अशी स्थळे आली. यांतील कोणत्याही जुन्या लेखाचा पत्ता बारकाईने पाहिला तर त्यात ‘नोड’ हा शब्द आणि त्यापुढे एक आकडा दिसतो. द्रुपलमध्ये मजकुराच्या प्रत्येक घटकाला नोड म्हणतात, मग तो लेख असो, कविता असो, पाककृती असो वा व्याकरणावरील वाद असो. म्हणजे बेल्जियममधील एका विद्यार्थ्याने ठरवलेली संज्ञा हजारो मराठी लेखांच्या पत्त्यात कायमची बसली आहे. मायबोली आधीपासूनची असली तरी पुढे तीही द्रुपलवर आली. या स्थळांच्या चालकांनी द्रुपल जशीच्या तशी वापरली नाही. रोमन कळफलकावरून देवनागरी लिहिण्याची सोय तीत बसवली, मराठी सूचना घातल्या. युनिकोडमधील मराठी गद्याचा जो पहिला मोठा साठा तयार झाला, त्यात या स्थळांचा वाटा फार मोठा आहे. परदेशात राहणाऱ्या, मराठी लिहिण्याची सवय मोडलेल्या कितीतरी माणसांनी पुन्हा लेखणी हाती घेतली ती येथे.

या सर्वांसाठी मराठी समाजाने द्रुपलच्या कर्त्यांना किती मोबदला दिला? काहीही नाही, आणि तो मागितला असता तर यांतील बहुतेक स्थळे निघालीच नसती. मुक्तस्रोताची खरी थोरवी येथे आहे, आणि अडचणही येथेच सुरू होते.

द्रुपलची जन्मकथा या संदर्भात पाहण्यासारखी आहे. अँटवर्प विद्यापीठातील द्रिस ब्युटार्ट आणि त्याच्या मित्रांनी वसतिगृहात आपापसांत निरोप देण्यासाठी एक छोटी आज्ञावली रचली. तिचे नाव ‘गाव’ या अर्थाच्या डच शब्दावरून ठेवायचे होते. पत्ता नोंदवताना टंकदोष झाला आणि ‘थेंब’ या अर्थाचा इंग्रजी शब्द नोंदला गेला. २००१ च्या जानेवारीत आज्ञावली सर्वांना खुली केली तेव्हा त्या थेंबाचे डच रूप उच्चारासाठी थोडे वळवून ‘द्रुपल’ हे नाव घेतले. चार वर्षांनी, २००५ मध्ये, वापर इतका वाढला की प्रकल्पाचा सेवा-संगणक कोसळला. ब्युटार्टने मुख्य पान काढून तेथे केवळ देणगीचे आवाहन ठेवले. तीन हजार डॉलर हवे होते. एका दिवसात दहा हजारांच्या घरात रक्कम जमली. संगणक आला, प्रकल्प पुन्हा सुरू झाला. मुक्तस्रोताचे समर्थक ही कथा नेहमी सांगतात आणि ती हृद्यही आहे. परंतु आग लागली की शेजारी बादल्या घेऊन धावतात, म्हणून विहिरीचा गाळ दरवर्षी उपसायला कोणी येईल असे समजू नये.

गाळ उपसण्याचे काम म्हणजे काय, याचे एक उदाहरण द्यावेसे वाटते. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी द्रुपलच्या सुरक्षा-मंडळाने सातव्या आवृत्तीतील एक गंभीर छिद्र जाहीर केले आणि त्यावरची दुरुस्तीही दिली. परक्या माणसाला परवलीच्या शब्दावाचून थेट विदागारात हात घालता यावा, असा तो दोष होता. दोन आठवड्यांनी त्याच मंडळाने कळवले की, घोषणेनंतर सात तासांत ज्यांनी दुरुस्ती केली नसेल त्यांनी आपले स्थळ परक्यांच्या हाती गेले आहे असे गृहीत धरूनच पुढील पावले उचलावीत. ते सात तास भारतीय वेळेनुसार रात्री साडेनऊ ते पहाटे साडेचार असे होते. त्या दिवशी महाराष्ट्रात विधानसभेचे मतदान झाले होते आणि दिवाळी आठवड्यावर आली होती. नोकरी सांभाळून, स्वतःच्या खिशातून भाडे भरून एखादे मराठी संकेतस्थळ चालवणारा गृहस्थ त्या रात्री काय करीत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. मतदानाच्या अंदाजांवरची चर्चा वाचत असावा किंवा दिवाळी अंकाचे मुद्रितशोधन करीत असावा; किंवा, आणि याला मी पूर्ण मुभा देतो, झोपला असावा.

माझा स्वतःचा अनुभव याहून कमी नाट्यमय आणि अधिक लाजिरवाणा आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी ज्या त्रैमासिकाच्या संपादक मंडळावर होतो त्याचे संकेतस्थळ एका हुशार विद्यार्थ्याने हौसेने अशाच प्रणालीवर उभारून दिले. आम्ही त्याला शाल आणि श्रीफळ दिले. तो नोकरीसाठी निघून गेला. परवलीचा शब्द कोणाकडे आहे हे तीन वर्षे कोणी विचारले नाही. मग एके दिवशी आमच्या समीक्षालेखांच्या जागी औषधांच्या जाहिराती दिसू लागल्या आणि थोड्याच दिवसांत सेवा पुरवणाऱ्यांनी स्थळ बंद केले. छापील अंक कपाटात होते, ते वाचले. पण वाचकांनी लेखांखाली लिहिलेले अभिप्राय केवळ तेथेच होते. दलित आत्मकथनांवरील एका लेखमालेखाली, ज्यांच्याविषयी लिहिले होते त्यांच्याच गावांतून आलेली चाळीसेक पत्रे होती. ती गेली. प्रणाली निर्दोष होती. तिची दुरुस्तीही वेळेवर आलेली होती. ती लावण्याचे काम आमच्यापैकी कोणाचेही नव्हते.

येथे ग्रंथ आणि आज्ञावली यांच्यातील एक मूलभूत फरक लक्षात घ्यावा लागतो. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’साठी मर्यादित जबाबदारीची कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार मिळवण्यासाठी प्रांतोप्रांती पायपीट केली आणि तेवीस खंड पुरे केले. पुढे स्वतंत्र महाराष्ट्रात १९६० नंतर ‘मराठी विश्वकोशा’चे काम शासनाच्या अनुदानावर उभे राहिले. ज्ञानाच्या सामायिक साधनासाठी पैसा कसा उभारावा याचे हे दोन मराठी नमुने, एक भागभांडवलाचा आणि एक राज्याश्रयाचा. दोन्हींत अडचणी कमी नव्हत्या. परंतु खंड छापून झाला की तो झाला. केतकरांचे खंड आज कोणी उघडले तर माहिती जुनी वाटेल, पण पाने उघडतील. वाळवी आणि ओल यांच्यापासून जपले म्हणजे ग्रंथ शंभर वर्षे निमूट उभा राहतो. आज्ञावलीचे तसे नाही. तिचा एक शब्दही कोणी बदलला नाही तरी ती बिघडते, कारण ती ज्यांच्या आधाराने उभी असते त्या साऱ्या गोष्टी भोवती बदलत असतात: ज्या भाषेत ती लिहिली ती भाषा, विदागार, वाचकाच्या हातातील यंत्र, आणि चोरांची हत्यारे.

आपल्या परंपरेत यासाठी एक नेमका शब्द आहे, योगक्षेम. आपण तो आज ‘उदरनिर्वाह’ अशा ढोबळ अर्थाने वापरतो, पण टीकाकारांनी त्याची फोड केलेली आहे: जे नाही ते मिळवणे हा योग, आणि जे मिळाले ते राखणे हा क्षेम. मुक्तस्रोत प्रणालींच्या अर्थकारणाचा सगळा पेच या दोन पदांत सापडतो. योगासाठी माणसे मिळतात, पैसाही मिळतो. नवे काही घडवण्यात आनंद असतो, नाव होते, उद्घाटन होते. क्षेमाला उद्घाटन नसते. विद्यापीठीय हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर अनावर्ती अनुदान तुलनेने सहज मंजूर होते. आवर्ती खर्चाची ओळ मात्र पहिल्या छाननीत गळते.

लखनौत बसून हे लिहिताना भातखंड्यांची आठवण अपरिहार्य आहे. विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्यांत बंदिस्त असलेल्या शेकडो बंदिशी ऐकून, मिळवून, स्वरलिपीत लिहून छापल्या. ज्याला शिकायचे त्याने शिकावे अशा रीतीने त्या खुल्या केल्या. आजच्या भाषेत त्याला स्रोत मुक्त करणे म्हणता येईल. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. १९२६ साली राय उमानाथ बली यांच्यासारख्या अवधच्या रसिकांच्या साहाय्याने येथे संगीत महाविद्यालय निघाले आणि त्याला तत्कालीन गव्हर्नर मॅरिस यांचे नाव दिले गेले. इमारत लागली, पगारी शिक्षक लागले, फी लागली, परीक्षा लागल्या. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी प्राचार्य म्हणून आयुष्यातील मोठा काळ तेथे वेचला. गोमती ओलांडून कैसरबागेत गेले की ती संस्था आज विद्यापीठ होऊन उभी दिसते. छापलेली स्वरलिपी आपोआप गात नाही, ती गाऊन घेणारी माणसे महिन्याच्या महिन्याला पोसावी लागतात, हे भातखंड्यांनी ओळखले होते.

आता मुक्तस्रोत प्रणालींनी क्षेमाची व्यवस्था कशी लावली ते पाहू. एकच मार्ग सर्वांनी धरला असे झालेले नाही.

सर्वांत रुळलेली वाट म्हणजे प्रणाली मुक्त ठेवायची आणि तिच्याभोवतीची सेवा विकायची. वर्डप्रेसचे एक कर्ते मॅट मुलेनवेग यांनी २००५ मध्ये ऑटोमॅटिक ही कंपनी काढली. द्रुपलच्या ब्युटार्टने २००७ मध्ये अक्विया काढली. ज्यांना स्वतः डोकेफोड करायची नाही त्यांच्यासाठी स्थळ चालवायचे, मोठ्या संस्थांना सल्ला द्यायचा, आणि त्या उत्पन्नातून काही अभियंत्यांना मूळ प्रणालीवर काम करण्यासाठी पगार द्यायचा. पुण्यातही आरटीकॅम्पसारख्या वर्डप्रेसवर आणि क्यूईडी४२ सारख्या द्रुपलवर उभ्या राहिलेल्या कंपन्या आहेत, आणि त्यांतील अभियंते मूळ प्रकल्पांना हातभार लावतात. २०१६ च्या फेब्रुवारीत द्रुपलचे आशियाई संमेलन मुंबईत पवईच्या आयआयटीत भरले ते उगीच नव्हे.

या वाटेवरचा काटा असा की, प्रणाली मुक्त असल्याने सेवा कोणीही विकू शकतो, आणि विकणाऱ्याने मूळ प्रकल्पाला काही परत द्यावे असे परवाना म्हणत नाही. ब्युटार्टने २०१९ मध्ये एका दीर्घ लेखात ‘घडवणारे’ आणि ‘घेणारे’ असा भेद मांडला. वर्डप्रेसमध्ये २०१४ पासून ‘आपल्या साधनसामग्रीतील पाच टक्के प्रकल्पाला द्या’ असे आवाहन होते. ते ऐच्छिक होते. सप्टेंबर २०२४ मध्ये हा तणाव चव्हाट्यावर आला. वर्डप्रेसची स्थळे सांभाळणाऱ्या डब्ल्यूपी इंजिन या मोठ्या कंपनीने पुरेसे परत दिले नाही असा आरोप मुलेनवेग यांनी जाहीर व्यासपीठावरून केला. बोधचिन्हाच्या वापरापोटी उत्पन्नाच्या आठ टक्के मागितले. ते मिळेनात तेव्हा त्या कंपनीचा वर्डप्रेसच्या मध्यवर्ती भांडारात प्रवेशच बंद केला. ऑक्टोबरमध्ये प्रकरण कॅलिफोर्नियातील न्यायालयात गेले आणि डिसेंबरमध्ये न्यायालयाने अंतरिम आदेशाने तो प्रवेश पूर्ववत करावयास लावला. जानेवारी २०२५ मध्ये ऑटोमॅटिकने प्रकल्पासाठी दर आठवड्याला दिले जाणारे आपले सुमारे चार हजार तास पंचेचाळीसवर आणले. काही महिन्यांनी त्यांनी निर्णय फिरवला. माझ्या दृष्टीने या भांडणात कोण बरोबर हा मुद्दा गौण आहे. चिंतेची गोष्ट ही की, जगातील दोन पंचमांश संकेतस्थळांचा क्षेम एका माणसाच्या आणि एका कंपनीच्या मर्जीवर इतका अवलंबून होता, हे तोवर फारसे कोणाच्या ध्यानातही आले नव्हते.

दुसरी वाट संस्थेची. द्रुपलचा संघ २००६ च्या सुमारास नोंदला गेला. सभासदांच्या वर्गण्या, प्रायोजक आणि मुख्यतः वार्षिक संमेलनाचे शुल्क यांवर तो चाले. २०२० च्या साथीत संमेलन रद्द झाले आणि उत्पन्नाचा मोठा भाग एका फटक्यात गेला. तेव्हाही आवाहन झाले, पाच लाख डॉलर जमले आणि संघ तगला. पुन्हा बादल्याच. मात्र या संघाने केलेली एक व्यवस्था मला फार मोलाची वाटते. २०१५ पासून प्रत्येक दुरुस्तीबरोबर ती कोणी केली आणि त्याच्या वेळेचा पगार कोणत्या संस्थेने दिला, याची नोंद ठेवली जाते व ती सर्वांना पाहता येते. त्यामुळे पडद्याआडचे काम मोजले जाऊ लागले. ग्रंथाच्या ऋणनिर्देशात मुद्रितशोधकाचे नाव घालण्यासारखेच हे आहे, आणि आपल्याकडे ते नाव अजूनही कित्येक ग्रंथांत नसते.

जूमलाची गोष्ट थोडी वेगळी. माम्बो नावाच्या प्रणालीवर तिच्या मालक कंपनीचे नियंत्रण वाढते आहे असे वाटून २००५ मध्ये घडवणारी सारी मंडळी आज्ञावली घेऊन बाहेर पडली आणि त्यांनी ना-नफा संस्था काढली. परवान्याने तेवढी मुभा दिलेली होतीच. नाव घेतले ते ‘सर्व मिळून’ या अर्थाच्या स्वाहिली शब्दावरून. तो शब्द मूळचा अरबी. लखनौत ‘जुमला’ म्हटले की वाक्य डोळ्यांसमोर येते, आणि मराठी वाचकाला शिवकालीन घोडदळातील जुमलेदार आठवावा. असो.

घोस्ट ही तुलनेने लहान प्रणाली २०१३ मध्ये लोकवर्गणीतून उभी राहिली. सुमारे १ लाख ९६ हजार पौंड जमले. कर्त्यांनी कंपनी न काढता प्रतिष्ठान स्थापले, ज्याचे भाग कोणाला विकताच येत नाहीत, आणि स्थळे सांभाळण्याच्या शुल्कावर ते चालते. केतकरांना ही घटना आवडली असती असे मला वाटते.

विद्यापीठांनी मात्र आरशात पाहण्याची गरज आहे. ज्या ‘शोधगंगे’त आपल्या विद्यार्थ्यांचे प्रबंध ठेवले जातात ती गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची व्यवस्था डीस्पेस या मुक्तस्रोत प्रणालीवर उभी आहे. डीस्पेस २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटीचे ग्रंथालय आणि ह्युलेट-पॅकार्ड यांनी मिळून केली. तिचा सांभाळ आज मुख्यतः सभासद संस्थांच्या वार्षिक वर्गणीवर आणि तंत्रज्ञांच्या दिलेल्या वेळेवर होतो. संशोधनपत्रिकांसाठी जगभर वापरली जाणारी ओपन जर्नल सिस्टिम्स ही प्रणाली कॅनडातील विद्यापीठीय मंडळींनी घडवली आणि पत्रिका सांभाळून देण्याच्या शुल्कातून तिला बरेचसे बळ मिळते. या दोन्ही ठिकाणी घेणाऱ्यांच्या रांगेत आपण आहोत. घेण्यात गैर काही नाही. परवाना त्यासाठीच आहे. पण एका अभियंत्याचा आठवड्यातील अर्धा दिवस, मराठी सूचनांचे काटेकोर भाषांतर, देवनागरीतील शोध नीट चालतो की नाही याची पद्धतशीर तपासणी, एवढे तर एखाद्या भाषाविभागाला आणि संगणकविभागाला मिळून देता येईल. जोडाक्षरांचा शोध, अनुक्रमणिकेतील वर्णानुक्रम, ‘ळ’ आणि ‘ऱ्य’ यांची गैरसोय, हे दोष नोंदवायला अँटवर्पहून कोणी येणार नाही. हे काम आमच्याच ज्ञानशाखेचे आहे.

शासनाची भूमिका थोडक्यात सांगतो, कारण सांगण्यासारखे फार नाही. २०१२ मध्ये भारत आणि अमेरिका यांनी मिळून शासकीय विदा खुली करण्यासाठी जे व्यासपीठ केले त्यात द्रुपलचा आधार घेतला होता. २०१५ मध्ये केंद्राने शासकीय कामात मुक्तस्रोत प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. धोरणाचा भर वापरण्यावर आहे. वापरलेल्या गोष्टीच्या सांभाळाला नियमित निधी देण्यावर नाही. जर्मनीने २०२२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र निधी उभारला. आपल्याकडे या दिशेचे लक्षणीय पाऊल खाजगी क्षेत्रातून पडले: बेंगळुरूच्या झिरोधा कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये जगभरच्या मुक्तस्रोत प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला.

पैसा कमी पडला की काय होते, याचे उत्तर मराठी स्थळांच्या दृष्टीने निकडीचे आहे. द्रुपलची सातवी आवृत्ती २०११ च्या जानेवारीत आली. २०१५ मध्ये आलेली आठवी इतकी वेगळी होती की जुन्या स्थळाला नवे कपडे चढवून भागेना. नवे घर बांधून सामान हलवावे लागे. मोठ्या कंपन्यांनी ते केले. लहान संस्था, हौशी मंडळे, स्वयंसेवी स्थळे यांना ते परवडेना, म्हणून सातवीचा आधार काढून घेण्याची तारीख पुन्हा पुन्हा पुढे ढकलण्यात आली आणि शेवटी ५ जानेवारी २०२५ रोजी, बरोबर चौदा वर्षांनी, तो संपला. त्यानंतर एखादे छिद्र सापडले तर ते बुजवण्याची जबाबदारी संघाची नाही. लहानांची ही कुचंबणा ओळखून काही जणांनी २०१३ मध्येच द्रुपलची बॅकड्रॉप नावाची वेगळी शाखा काढली, तिचा उद्देशच ना-नफा आणि छोट्या संस्थांचा खर्च आटोक्यात ठेवणे हा आहे. जे मराठी चालक आजही जुन्या आवृत्तीवर असतील त्यांनी या पर्यायाकडे जरूर पाहावे. काहीच जमले नाही तर निदान सर्व पाने स्थिर स्वरूपात उतरवून ठेवावीत, अभिप्रायांसकट. हे मी अनुभवाने सांगतो.

मुक्त परवाना क्षेम देत नाही, पण क्षेमाची संधी राखून ठेवतो, याचा दाखला वर्डप्रेसच्या उगमातच आहे. मिशेल वाल्ड्रीगी यांनी रचलेल्या ‘बी-टू’ नावाच्या आज्ञावलीचे काम थांबले, तेव्हा तिच्या वापरकर्त्यांपैकी मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी ती उचलून २००३ च्या मे महिन्यात वर्डप्रेस म्हणून पुढे आणली. परवाना बंद असता तर ती आज्ञावली कर्त्याबरोबरच थांबली असती. ती पोरकी झाली, पण तिला दत्तक घेता आले. दत्तक घेणारे दोघे त्या वेळी हजर होते, हा भाग योगायोगाचा.

आता त्या अंदाजपत्रकाविषयी. दुसऱ्या बैठकीत मी वरीलपैकी बरेचसे सांगितले. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि भातखंड्यांच्या उल्लेखापाशी मान हलवली. ओळ राहिली. आकडा जवळपास निम्मा झाला, पण तो ‘आवर्ती’ या सदरात गेला. त्यातून कोणाला किती तासांचे मानधन द्यायचे, परवलीचे शब्द कोणत्या दोघांकडे राहतील आणि दुरुस्तीची घोषणा रात्री साडेनऊला झाली तर दूरध्वनी कोणाचा वाजेल, याचे एक पानी टिपण मी तयार केले आहे. दुसरे नाव अजून ठरायचे आहे.